हाताला किती तास मिळणार?

आयटीआयचा किंवा दुसऱ्या कुठल्याही कौशल्य अभ्यासक्रमाचा अर्ज भरण्याआधी पालकांनी आणि मुलांनी एक प्रश्न विचारायला हवा. वर्षभरात हातात हत्यार घेऊन, चालू यंत्रासमोर उभं राहून प्रत्यक्ष काम करायला किती तास मिळणार? इमारत कशी आहे, फी किती आहे, फलकावर 'शंभर टक्के नोकरी' लिहिलं आहे का, हे सगळं त्यानंतर. वीजतंत्री वायरिंगच्या फळीसमोर घडतो, संधाता वेल्डिंगच्या बूथमध्ये घडतो आणि कातारी लेथवर घडतो. तिथे घालवलेल्या तासांची भरपाई कुठलंही प्रमाणपत्र करू शकत नाही.

गेल्या दहा वर्षांत व्यवसाय शिक्षणाबाबतचं सरकारी धोरण बरंच बदललं आहे, आणि त्यातले काही बदल खरोखर मुलांच्या हिताचे आहेत. पण धोरण आपोआप कुणाच्या घरी येत नाही. नियम माहीत असले तर मुलगा किंवा मुलगी त्यांचा उपयोग करून घेते. माहीत नसले, तर त्याच नियमांच्या आडून कुणीतरी त्यांची दोन वर्षं वाया घालवतं. म्हणून इथे धोरणाची चर्चा मोजकीच केली आहे. ते पदरात कसं पाडून घ्यायचं, याबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

धोरणात नेमकं काय बदललं?

आपल्याकडची आयटीआयची व्यवस्था जुनी आहे. केंद्र सरकारची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, खासगी वेगळ्या. तरीही अनेक वर्षं हा रस्ता 'मार्क कमी पडलेल्यांचा' मानला गेला, आणि त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. बाराव्या पंचवार्षिक योजनेचा अंदाज २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दिला आहे. त्यानुसार १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलं होतं. त्याच परिच्छेदात अमेरिकेचा आकडा ५२ टक्के, जर्मनीचा ७५ टक्के आणि दक्षिण कोरियाचा ९६ टक्के दिला आहे.

ही दरी भरायला घाईघाईने मोठमोठी उद्दिष्टं ठरवली गेली. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली आणि लाखोंच्या संख्येने अल्पमुदतीची प्रशिक्षणं होऊ लागली. २०१६ साली नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने या धावपळीवर स्पष्ट बोट ठेवलं. उद्दिष्टं अवाजवी मोठी होती, आणि तरुणांना रोजगार मिळतो का, उद्योगाला हवं ते कौशल्य मिळतं का, याची तपासणी झालेली नव्हती. किती जणांना प्रमाणपत्र मिळालं, यापेक्षा किती जणांना काम जमू लागलं, हा प्रश्न मोठा असायला हवा. वाचकांनीही आपल्या मुलांबाबत तोच प्रश्न धरून ठेवावा.

त्यानंतर झालेले तीन बदल लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला बदल नियंत्रणाचा. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद अधिसूचित झाली. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याचं काम आता तिच्याकडे आहे. त्यामुळे कुठल्याही प्रमाणपत्राबाबत 'ही देणारी संस्था परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का?' असं विचारता येतं. उत्तर टाळलं गेलं तर सावध व्हा.

दुसरा बदल तासांचा. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षभराचं शिक्षण १,२०० तासांचं धरलं जातं आणि त्याला ४० श्रेयांक मिळतात, म्हणजे ३० तासांना एक. शाळा, महाविद्यालय आणि व्यवसाय प्रशिक्षण यांना एकच माप लावलं आहे. आयटीआयचा अभ्यासक्रमही २०२२पासून याच मापात बसवला गेला. साधारणपणे वर्षाला ८४० तास प्रात्यक्षिक, २४० तास व्यवसाय सिद्धांत आणि १२० तास रोजगार कौशल्यं, शिवाय कारखान्यातलं प्रत्यक्ष काम किंवा गट प्रकल्प यासाठी १५० तास. हे ८४० आणि १५० आकडे पाठ करून ठेवा. संस्थेशी बोलताना तेच कामाला येतील.

तिसरा बदल पैशाचा. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,००० शासकीय आयटीआयच्या दर्जावाढीसाठी ६०,००० कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. त्यातले ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे आणि १०,००० कोटी उद्योगांचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती 'पीएम-सेतू' या नावाने सुरू झाली. २०० मोठ्या आयटीआय केंद्रस्थानी आणि त्यांना जोडलेल्या ८०० आयटीआय, अशी तिची रचना आहे. तुमच्या जिल्ह्यातली कोणती आयटीआय यात आहे, ते प्राचार्यांना विचारा. पण योजनेत नाव आहे म्हणून यंत्रं आली असतीलच, असं धरू नका. स्वतः जाऊन पाहा.

संस्था निवडताना: आधी कार्यशाळेत जा

प्रवेशासाठी चौकशीला गेलात की बहुतेक वेळा तुम्हाला कार्यालयात बसवलं जातं. तिथली चौकशी संपली की 'कार्यशाळा पाहायची आहे' असं सांगा. शक्यतो अकरा ते तीनच्या दरम्यान, कामाच्या दिवशी जा आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या. तिथे पुढच्या गोष्टी बघा.

यंत्रं चालू आहेत का? लेथच्या खाली धातूचा भुगा पडलेला असला पाहिजे. वेल्डिंगच्या टेबलावर ताज्या जोडण्यांचे तुकडे दिसले पाहिजेत. यंत्रावर कापड झाकलेलं असेल, धूळ बसलेली असेल किंवा 'बंद' अशी चिठ्ठी असेल, तर ते का बंद आहे हे विचारा.

एका यंत्रावर किती मुलं काम करतात? आयटीआयची तुकडी साधारणपणे २० किंवा २४ जणांची असते. पाच लेथ असतील आणि त्यातले दोनच चालत असतील, तर ८४० तासांपैकी किती तास तुमच्या मुलाच्या वाट्याला येणार, याचा हिशोब तिथल्या तिथे करता येतो.

कच्चा माल येतो का? धातूचे तुकडे, वायर, इलेक्ट्रोड, कापड हे सगळं वेळेवर मिळालं नाही, तर प्रात्यक्षिक फळ्यावर होतं. हा प्रश्न शिक्षकांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. खरं उत्तर मिळेल.

शिकवतं कोण? आयटीआयमध्ये शिकवणाऱ्याला शिल्पनिदेशक म्हणतात. निदेशकाची जागा भरलेली आहे की रिक्त, तो कायम आहे की तासिका तत्त्वावर, आणि त्याने शिल्पनिदेशकांचं एक वर्षाचं प्रशिक्षण घेतलं आहे का, हे विचारा. निदेशकांच्या रिक्त जागा हा या व्यवस्थेचा सर्वांत दुखरा भाग आहे. ज्या ट्रेडला निदेशकच नाही, त्याची यंत्रं कितीही नवी असली तरी शिकणं अर्धंच राहतं.

कारखान्यांशी नातं आहे का? चांगल्या आयटीआयमध्ये संस्था व्यवस्थापन समितीत उद्योजक बसतात. आसपासच्या एमआयडीसीतल्या कंपन्या मुलांना प्रत्यक्ष कामासाठी घेतात. काही ठिकाणी दुहेरी प्रशिक्षण पद्धत चालते, म्हणजे काही महिने संस्थेत आणि काही महिने कारखान्यात. गेल्या वर्षी कोणकोणत्या कंपन्यांत मुलं गेली, याची यादी मागा. जिथे हे नातं आहे, तिथे यादी लगेच पुढे केली जाते.

प्रशिक्षण महासंचालनालय आयटीआयची श्रेणी जाहीर करतं. तीही पाहा, पण ती शेवटी. श्रेणी कागदावरची माहिती देते, कार्यशाळा खरी परिस्थिती दाखवते.

ट्रेड निवडताना

'कोणत्या ट्रेडला लगेच नोकरी मिळते?' हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याचं उत्तर गावागणिक बदलतं. चाकण किंवा वाळूजच्या जवळ राहणाऱ्या मुलाला जोडारी, यंत्र कारागीर, कातारी किंवा यांत्रिक मोटार वाहन या ट्रेडला आसपास भरपूर कारखाने सापडतील. कारखाने नसलेल्या तालुक्यात वीजतंत्री, तारतंत्री, नळ कारागीर, डिझेल मेकॅनिक, शिवणकाम अशा ट्रेडवर स्वतःचं काम उभं राहू शकतं. घराजवळ कोणतं काम आहे, आणि त्या कामासाठी लोक आज कुणाकडे जातात, हे फिरून पाहणं ही निवडीची पहिली पायरी.

मुदतीचा विचारही करा. वीजतंत्री, जोडारी, कातारी, यंत्र कारागीर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. संधाता, नळ कारागीर, डिझेल मेकॅनिक आणि संगणकाचा कोपा हे एक वर्षाचे. घरची ओढाताण असेल तर एक वर्षाचा ट्रेड जवळचा वाटतो. पण पुढे पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचा विचार असेल, तर दोन वर्षांचा ट्रेड घेतलेला बरा.

मुलींच्या पालकांना वेगळं सांगावंसं वाटतं. शिवणकाम आणि कोपा यांच्यापलीकडेही मुलींसाठी जागा आहेत. वीजतंत्री, आरेखक, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या ट्रेडमध्ये मुली उत्तम काम करतात आणि कारखानेही त्यांना घेतात. मुलीची आवड यंत्रांकडे असेल, तर फक्त लोक काय म्हणतील म्हणून तिला दुसरीकडे वळवू नका.

महाराष्ट्रात शासकीय आणि खासगी आयटीआयचा प्रवेश ऑनलाइन, केंद्रीभूत पद्धतीने होतो. अर्ज भरणं आणि पसंतीक्रम देणं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. अर्ज भरला पण पसंतीक्रमाचा फॉर्म राहून गेला, असं अनेक मुलांचं होतं. पसंतीक्रम देताना संस्था आणि ट्रेड दोन्हींचा एकत्र विचार करा. चांगल्या निदेशकाच्या हाताखालचा दुसऱ्या पसंतीचा ट्रेड, निदेशक नसलेल्या पहिल्या पसंतीच्या ट्रेडपेक्षा कधीही बरा. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला, हे सगळं निकालाआधीच तयार ठेवा. तहसील कार्यालयातली गर्दी निकालानंतर वाढते. फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागांसाठी संस्था पातळीवर समुपदेशन फेरी होते. पहिल्या फेरीत नाव आलं नाही म्हणून निराश होऊ नका, ती फेरी गाठा.

शिकत असताना

प्रवेश झाल्यावर पालकांचं काम संपत नाही. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के गुण हवेत, इतर विषयांत ३३ टक्के. म्हणजे परीक्षेचं वजनही हाताच्या कामावरच आहे. सुट्ट्या, लग्नकार्यं, शेतीची कामं यांत हजेरी घसरली की वर्ष जातं.

मुलाला किंवा मुलीला एक साधी वही ठेवायला सांगा. आज कोणतं काम केलं, किती वेळ केलं, काय चुकलं, माप किती आलं, एवढंच रोज लिहायचं. महिन्याच्या शेवटी तास जुळवा. वर्षाच्या ८४० तासांना महिन्यांत वाटलं, तर महिन्याला साधारण ७० ते ८० तास पडतात. वहीत त्याच्या निम्मेही भरत नसतील, तर दोन-चार पालकांनी मिळून प्राचार्यांना भेटा. भांडायला जाऊ नका, वही घेऊन जा. लेखी नोंद समोर ठेवली की बोलणं मुद्द्याला धरून होतं. पुढे मुलाखतीतही हीच वही कामाला येते, कारण आपण काय काय केलं हे मुलाला नेमकेपणाने सांगता येतं.

१५० तासांच्या प्रत्यक्ष कामासाठी संस्थेच्या भरवशावर थांबू नका. ओळखीचं गॅरेज, फॅब्रिकेशनचं दुकान, सोसायटीच्या वीजकामाचा ठेकेदार, कुणाकडेही आधी बोलून ठेवा आणि संस्थेला ते नाव सुचवा.

शिकाऊ उमेदवारी: खरी शाळा इथे आहे

आयटीआय झाल्यावर मिळेल ती नोकरी पकडायची घाई होते. माझा आग्रह आहे की आधी शिकाऊ उमेदवारी करा, म्हणजे ज्याला सगळे ॲप्रेंटिसशिप म्हणतात ती. आयटीआयमध्ये हात तयार होतो. कारखान्यात वेग, अचूकपणा, सुरक्षितता आणि इतरांबरोबर काम करण्याची सवय येते. आयटीआय उत्तीर्णाला ही उमेदवारी बहुधा वर्षभराची असते, आणि तिच्या शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. अनेक सरकारी आणि निमसरकारी भरत्यांत या प्रमाणपत्राला किंमत आहे.

हे सगळं शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ या कायद्याखाली चालतं. त्याच्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि त्यात कंत्राटी माणसंही मोजली जातात. ४ ते २९ माणसांच्या लहान आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. म्हणजे तुमच्या शहरातला मोठा कारखाना उमेदवार घेतो, तो उपकार करत नाही, कायद्यातलं कर्तव्य पार पाडतो. हे मनात स्पष्ट असलं की मूल ताठ मानेने अर्ज करतं.

विद्यावेतनाची किमान रक्कम ठरलेली आहे. २०१९च्या नियमांनुसार दहावी उत्तीर्णाला महिना ६,००० रुपये, आयटीआय प्रमाणपत्रधारकाला ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये. हे दर ३६ टक्क्यांनी वाढवावेत, अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये केली आहे. म्हणून करार करण्याच्या दिवशी लागू असलेला दर पोर्टलवर पाहून घ्या. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये, उचलतं. २०२३पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात येतो. त्यासाठी खातं आधारशी जोडलेलं हवं. नाव, जन्मतारीख आणि खाते क्रमांक तिन्ही ठिकाणी जुळतात का, हे आधीच तपासा.

आता सावधगिरीच्या गोष्टी. 'ट्रेनी म्हणून ये, मग बघू' असं सांगून काही ठिकाणी मुलांना कमी पैशांत उत्पादनाच्या कामाला लावतात. ती शिकाऊ उमेदवारी नव्हे. उमेदवारीचा करार लेखी असतो, त्यावर उमेदवाराची आणि मालकाची सही असते, उमेदवार अल्पवयीन असेल तर पालकाचीही, आणि तो शासनाच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदवलेला असतो. नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय पहिला दिवसही जाऊ देऊ नका.

करार वाचताना चार गोष्टी बघा: ट्रेडचं नाव, मुदत, विद्यावेतन आणि प्रशिक्षणाचं ठिकाण. जोडारी म्हणून घेतलेला मुलगा वर्षभर माल उचलत असेल, तर तो शिकत नाही. कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणून त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घ्यायला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मान्यता लागते, आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. मात्र मुदत संपल्यावर त्याच कंपनीने नोकरी द्यावीच, असं बंधन कायद्यात नाही. त्या वर्षात जे शिकाल तेच हातात राहील, हे धरून चला.

तक्रार असेल तर जिल्ह्यातल्या शासकीय आयटीआयशी जोडलेल्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात जा. तिथे लोक त्याला बीटीआरआय म्हणतात. कराराची प्रत आणि हजेरीच्या नोंदी बरोबर न्या, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

इथून पुढचे रस्ते

'आयटीआय केलं की शिक्षण संपलं' ही समजूत आता जुनी झाली आहे, आणि ती मोडणं हाच नव्या धोरणाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून ठरलेले विषय देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. ज्याला शिकवायची आवड आहे, त्याने शिल्पनिदेशक प्रशिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा. चांगल्या निदेशकांची या राज्याला फार गरज आहे. वीजतंत्री आणि तारतंत्री यांनी परवान्याची प्रक्रिया समजून घेऊन तो काढावा. परवाना हातात असला की ठेकेदाराच्या हाताखाली राबण्यापेक्षा स्वतः काम घेता येतं.

परदेशाची वाटही उघडते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. जर्मनीतली पद्धत शिकण्यासारखी आहे. तिथे मूल कंपनीशी करार करतं, आठवड्यातले बहुतेक दिवस कंपनीत काम शिकतं, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातं, आणि दोन ते साडेतीन वर्षांनी बाहेर पडतं. अशा संधींमागे लागताना दोन गोष्टी पक्क्या ठेवा. आधी भाषा शिका, कारण तिच्याशिवाय कामाचा व्हिसा आणि काम दोन्ही अवघड आहेत. आणि 'पाठवतो' म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या कुणालाही, परराष्ट्र मंत्रालयाकडे त्याची नोंदणी असल्याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.

अल्पमुदतीचे अभ्यासक्रम: कुणासाठी?

दोन-तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमांचा उपयोग आहे, पण तो कुणाला होतो हे नीट समजून घ्यायला हवं. ज्याच्या हातात आधीच काम आहे आणि नवं यंत्र किंवा नवी पद्धत शिकायची आहे, त्याला ते फायद्याचे. ज्याला काहीच येत नाही आणि नवा व्यवसाय सुरू करायचा आहे, त्याला एवढ्या वेळात कारागीर बनवणं अशक्य आहे. ४०० तासांच्या अभ्यासक्रमाची तुलना आयटीआयच्या एका वर्षाच्या १,२०० तासांशी करा, म्हणजे अपेक्षा आपोआप योग्य मापात येतील. सरकारी योजनेतलं प्रशिक्षण उमेदवाराला मोफत असतं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या नावाखाली कुणी फी मागितली, तर तिथून निघा आणि तक्रार करा.

गावातल्या जुन्या कारागिरांसाठी वेगळी सोय आहे. वर्षानुवर्षं काम करूनही कागद नसलेल्या माणसाला पूर्वकौशल्य मान्यतेच्या मार्गाने प्रमाणपत्र मिळू शकतं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, गवंडी अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. नोंदणी सेवा केंद्रातून होते आणि पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायतीत असते. घरातल्या आजोबांच्या वयाच्या कारागिराला हे ऑनलाइन जमणार नाही. घरातल्या तरुणांनी त्यांच्याबरोबर जावं.

शाळा, ग्रामपंचायत आणि लघुउद्योजकांसाठी

मुलाचा हात यंत्राला पहिल्यांदा पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागत असेल, तर खूप उशीर झालेला असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, ज्यांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन काम करावं. या दहा दिवसांची सहल होऊ देऊ नका. गावातल्या चार कारागिरांशी मुख्याध्यापकांनी आधीच बोलावं, आणि प्रत्येक मुलाने त्या दिवसांत एक वस्तू पूर्ण करावी, एवढा साधा नियम ठेवला तरी पुरेल.

हे होऊ शकतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. ग्रामीण मुलांना वेल्डिंग, वीजकाम, बांधकाम, शेती आणि घर-आरोग्य यांची कामं करत करत विज्ञान शिकवायचं, ही त्यांची पद्धत. आठवी ते दहावीच्या शाळांतही ती पोचली आणि राज्य मंडळाने तिला विषय म्हणून स्थान दिलं. काम करताना पडलेल्या प्रश्नातून पुस्तकाकडे जाणारं मूल विज्ञान विसरत नाही, असा तिथला अनुभव आहे. आपल्या शाळेत असं काही करायचं असेल, तर व्यवस्थापन समितीने एकदा पाबळ पाहून यावं.

लहान कारखानदारांनाही विनंती आहे. तुमच्याकडे दहा-बारा माणसं असतील, तर उमेदवार घेण्याची सक्ती नाही, पण तुम्ही ते घेऊ शकता, आणि विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलतं. 'तयार माणूस मिळत नाही' अशी तक्रार प्रत्येक एमआयडीसीत ऐकू येते. माणूस तयार करायला कुणीतरी आपलं यंत्र आणि आपल्या जुन्या कारागिराचा वेळ द्यावा लागतो. तो तुम्ही दिलात, तर दोन वर्षांत तुमच्याच रस्त्यावर कुशल माणसं उभी राहतील.

मागणी कुणाकडे करायची?

सरकारकडे करायची मागणीही स्पष्ट असू द्या. निदेशकांच्या रिक्त जागा भरा, प्रत्येक आयटीआयने ट्रेडनिहाय चालू यंत्रांची आणि दिलेल्या प्रात्यक्षिक तासांची माहिती दारावर लावावी, आणि उमेदवार घेण्याचं बंधन न पाळणाऱ्या आस्थापनांवर कायद्याने कारवाई व्हावी. या तीन गोष्टींना नव्या कायद्याची गरज नाही. पहिली आणि दुसरी प्रशासनाच्या हातात आहे, तिसरीची तरतूद कायद्यात आधीपासून आहे. ग्रामसभेत, पालक सभेत, आमदारांच्या भेटीत याच तीन मागण्या पुन्हा पुन्हा मांडा.

आणि आपल्या घरात एवढं करा. प्रवेशाआधी कार्यशाळा पाहा, निदेशकाला भेटा, तासांची वही सुरू करा आणि नोंदणी क्रमांक असल्याशिवाय कुठेही उमेदवारी सुरू करू नका. या चार गोष्टींना पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही. ज्या घरांनी त्या केल्या, त्या घरांतल्या मुलांना धोरणाचा फायदा मिळाला. तुमच्याही मुलांना तो मिळायलाच हवा, कारण हातात कौशल्य असलेला तरुण स्वतःचं घर उभं करतोच, शिवाय गावातल्या दुसऱ्या दोघांच्या हाताला काम देतो.